दाखला नसलेला रोगी आणि राज्याचे कर्तव्य

आपल्या हद्दीत कोणास येऊ द्यावे, कोणास किती मुदत राहू द्यावे आणि मुदत सरल्यावर कोणास परत पाठवावे, हे ठरविण्याचा राज्याचा अधिकार सर्वमान्य आहे आणि त्याविषयी वाद घालण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु ज्याच्यापाशी राहण्याचा परवाना नाही, किंवा होता तो संपुष्टात आला आहे, असा मनुष्य प्रत्यक्ष त्या हद्दीत राहत असता व राबत असता आजारी पडला, त्याची पत्नी गरोदर राहिली, त्याच्या मुलाला गोवर निघाला, तर त्यांच्या औषधोपचाराचे दायित्व त्या राज्यावर येते की नाही, आणि येत असेल तर ते दयेपोटी की त्या रोग्याच्या हक्कापोटी, हा प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही. गेल्या पाऊणशे वर्षांत आंतरराष्ट्रीय करारांनी, निरनिराळ्या देशांच्या कायद्यांनी आणि न्यायासनांनी त्याला जी उत्तरे दिली, त्यांचा आढावा घेणे व त्यांत समान आढळणारी उणीव दाखविणे, हा या लेखाचा हेतू आहे.

ज्यांच्याविषयी हा प्रश्न उद्भवतो, ती माणसे कोण, हे प्रथम पाहिले पाहिजे. कारण रात्रीच्या अंधारात चोरवाटेने सरहद्द ओलांडणारा मनुष्य एवढेच चित्र डोळ्यांपुढे ठेवले, तर विचाराचा आरंभच चुकतो. अशा लोकांपैकी पुष्कळजण रीतसर व्हिसा घेऊन आलेले असतात आणि मुदत संपल्यावर राहून गेलेले असतात. काहींचा आश्रयाचा अर्ज नामंजूर झालेला असतो, काहींची मायदेशी परतण्याची वाटच बंद झालेली असते, आणि काही तर त्याच देशात जन्मलेली मुले असतात. आखाती देशांत कफाला पद्धतीने परदेशी मजुराचा रहिवास त्याच्या मालकाशी जखडलेला असतो. छळाला कंटाळून मजुराने काम सोडले आणि तो फरार झाल्याची वर्दी मालकाने दिली, की काल कायदेशीर असलेला मजूर आज बेकायदा ठरतो, आणि पुष्कळदा त्याचा पासपोर्टही मालकाच्याच ताब्यात असतो. कोकणातील गावोगावची माणसे जेथे पोट भरावयास गेली, तेथील हा व्यवहार असल्यामुळे मराठी वाचकास हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही.

आंतरराष्ट्रीय कायद्याच्या मूळ दस्तऐवजांत या बाबतीत संदिग्धता फारशी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४६ च्या घटनेने उच्चतम आरोग्याचा लाभ हा प्रत्येक मानवाचा मूलभूत हक्क मानला. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या २५ व्या कलमाने वैद्यकीय मदतीचा समावेश प्रत्येकाच्या जीवनमानाच्या हक्कात केला. आणि आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या १९६६ च्या कराराने, जो १९७६ मध्ये अमलात आला आणि ज्यात भारत १९७९ मध्ये सामील झाला, आपल्या १२ व्या कलमात तो हक्क सहभागी राज्यांवर बंधनकारक केला. या कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या समितीने २००० साली काढलेल्या चौदाव्या सर्वसाधारण टिप्पणीत तर, बेकायदा स्थलांतरितांचा नामनिर्देश करून, प्रतिबंधक, रोगनिवारक आणि वेदनाशामक अशा तिन्ही प्रकारच्या सेवा त्यांनाही समानतेने मिळाल्या पाहिजेत आणि त्या नाकारण्यापासून राज्यांनी परावृत्त राहिले पाहिजे, असे स्पष्ट म्हटले. बालकांच्या हक्कांविषयीच्या १९८९ च्या कराराचे २४ वे कलमही बालकाच्या आईबापांच्या कागदपत्रांची चौकशी करीत नाही.

असे असता, स्थलांतरित कामगारांच्याच संरक्षणासाठी म्हणून १९९० साली जो स्वतंत्र करार झाला, त्याने मात्र या हक्काचा संकोच केला. त्याच्या २८ व्या कलमाने परवाना नसलेल्या कामगारास व त्याच्या कुटुंबीयांस जी हमी दिली, ती केवळ प्राण वाचविण्यासाठी अथवा आरोग्याची भरून न येणारी हानी टाळण्यासाठी तातडीने लागणाऱ्या उपचारांपुरती आहे. ज्या राज्यांना स्थलांतरितांचे श्रम हवे होते, त्यांच्या संमतीच्या आशेने हा संकोच पत्करला गेला असे म्हणावे, तर तीही आशा फोल ठरली. हा करार अमलात येण्यास २००३ साल उजाडले, आणि ज्या धनाढ्य पाश्चात्त्य देशांकडे स्थलांतरितांचा ओघ आहे, त्यांनी अद्याप तो स्वीकारलेला नाही. आज बहुतेक देशांच्या कायद्यांत तातडीच्या उपचारांपाशी जी सीमारेषा आखलेली दिसते, तीच येथेही आहे. आणि पुढील सर्व विवेचनाचा गाभा ती रेषा हाच आहे.

करारांचा अर्थ लावणाऱ्या न्यायिक मंडळांचे दोन निवाडे येथे नोंदविण्याजोगे आहेत. युरोपीय सामाजिक सनदेचे संरक्षण, तिच्या परिशिष्टाप्रमाणे, कायदेशीरपणे राहणाऱ्या परकीयांपुरतेच मर्यादित आहे. तरीही फ्रान्सविरुद्धच्या एका फिर्यादीत युरोपीय सामाजिक हक्क समितीने २००४ मध्ये असे ठरविले की, औषधोपचार हा मानवी प्रतिष्ठेचाच अवश्य भाग असल्यामुळे, बेकायदा राहत असलेल्या परकीयासही वैद्यकीय मदतीचा हक्क नाकारणारा कायदा वा वहिवाट ही सनदेशी विसंगत होय. दुसरा निवाडा कॅनडातील नेल तूसाँ या स्त्रीच्या तक्रारीवरचा आहे. ग्रेनाडा बेटावरून १९९९ साली कॅनडात आलेली ही स्त्री तेथे अनेक वर्षे काम करून राहिली, पुढे गंभीर व्याधींनी जर्जर झाली, आणि केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेसाठी तिने केलेला अर्ज परवान्याअभावी नामंजूर झाला. तिचा जीव धोक्यात आला होता हे कॅनडाच्या न्यायालयांनी मान्य केले, पण इमिग्रेशनचा कायदा पाळला जावा या सबबीखाली तो नकार समर्थनीय ठरविला. उलट संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०१८ मध्ये, या नकाराने तिच्या जीविताच्या व समतेच्या हक्कांचा भंग झाला, असा निर्णय दिला. कॅनडा सरकारने तो निर्णय मानला नाही, आणि २०२३ च्या आरंभी तूसाँ मरण पावली. आंतरराष्ट्रीय हक्काची उंची आणि त्याच्या अंमलबजावणीची दुर्बलता ही दोन्ही या एकाच प्रकरणात दिसून येतात.

राष्ट्रांच्या कायद्यांकडे वळले असता इटलीचा मान पहिला आहे. तिच्या राज्यघटनेच्या ३२ व्या कलमाने आरोग्य हा व्यक्तीचा मूलभूत हक्क व समाजाचे हित असल्याचे सांगून निर्धनांस मोफत उपचारांची हमी दिली आहे. आणि त्या कलमाला अनुसरून १९९८ च्या कायद्याने, परवाना नसलेल्या परकीयास तातडीचेच नव्हे तर दीर्घकाळ चालणारे आवश्यक उपचारही मिळावेत, त्यासाठी त्याला नाव उघड न करता सहा महिन्यांच्या मुदतीचा, पुन्हा वाढवून मिळणारा संकेतांक द्यावा, आणि दवाखान्यात आलेल्या अशा रोग्याची वर्दी अधिकाऱ्यांना देण्यास मज्जाव असावा, अशी तरतूद केली. २००९ साली हा मज्जाव उठविण्याची तजवीज झाली आणि वरिष्ठ सभागृहाने ती मंजूरही केली; परंतु आम्ही रोग्यांची वर्दी देणार नाही, असे म्हणत इटलीचे डॉक्टर एकजुटीने उभे राहिले आणि अखेरच्या मसुद्यातून ती तजवीज गळाली. एखाद्या व्यवसायाने आपल्या धर्माचे इतक्या निःसंदिग्धपणे रक्षण केल्याची उदाहरणे विरळा आहेत.

स्पेनचा इतिहास अधिक उद्बोधक आहे, कारण तेथे हक्क दिला गेला, काढून घेतला गेला आणि पुन्हा दिला गेला, आणि या तिन्ही अवस्थांचे परिणाम मोजता आले. तेथे २००० च्या कायद्याने नगरपालिकेच्या रहिवासी नोंदवहीत नाव असलेल्या प्रत्येकास, परवाना असो वा नसो, स्पॅनिश नागरिकाप्रमाणेच आरोग्यसेवा मिळू लागली होती. परंतु आर्थिक अरिष्टाच्या काळात, २०१२ च्या हुकुमाने, आणीबाणीचे प्रसंग, बाळंतपण आणि अज्ञान बालके एवढे अपवाद सोडून परवाना नसलेल्या सर्वांची नावे आरोग्यसेवेतून कमी करण्यात आली. अनेक प्रांतिक सरकारांनी या ना त्या वाटेने उपचार चालू ठेवले, पुष्कळ डॉक्टरांनी सदसद्विवेकाचा आधार घेऊन असहकार पुकारला, तरी घटनात्मक न्यायालयाने तो हुकूम २०१६ मध्ये वैधच ठरविला. अखेर २०१८ मध्ये नव्या सरकारने तो हक्क परत दिला. मधल्या काळाचा अभ्यास करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांना, हुकुमानंतरच्या पहिल्या तीन वर्षांत परवाना नसलेल्या स्थलांतरितांचा मृत्युदर सुमारे १५ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. आणीबाणीचे दार उघडे असूनही ही वाढ झाली, ही गोष्ट त्या दाराच्या अपुरेपणाची साक्ष आहे.

फ्रान्समध्ये १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेली सरकारी वैद्यकीय साहाय्य योजना, तीन महिन्यांचा रहिवास व तुटपुंजे उत्पन्न यांचा पुरावा दिल्यास, परवाना नसलेल्यास व्यापक उपचार देते. चार लाखांहून अधिक लोक तिचा लाभ घेतात आणि तिच्यावर वर्षाला एक अब्ज युरोहून अधिक खर्च होतो. ही योजना परदेशातून रोग्यांना ओढून आणते, असा आक्षेप तेथील कायदेमंडळात वारंवार घेतला जातो, आणि २०२३ च्या अखेरीस सिनेटने तिचे रूपांतर केवळ तातडीच्या मदतीत करण्याचा ठरावही केला होता, जो अंतिम कायद्यात टिकला नाही. परंतु २०१९ मध्ये पॅरिस व बोर्दो येथे झालेल्या पाहणीत जे या योजनेस पात्र होते, त्यांच्यापैकी सुमारे निम्म्यांनीच तिचा लाभ घेतल्याचे दिसले. ज्या योजनेची माहिती तिच्या दारात राहणाऱ्यांनाही पुरती नाही, तिच्या लोभाने माणसे समुद्र ओलांडून येतात, हे म्हणणे विवेकाला पटणारे नाही.

जर्मनीत उलट प्रकार आहे: तीव्र आजार व वेदना यांवरील उपचारांचा हक्क १९९३ च्या कायद्याने कागदोपत्री दिलेला आहे, पण नियोजित उपचारांसाठी जे पत्र लागते ते समाजकल्याण कचेरीतून आणावे लागते, आणि त्या कचेरीवर परवाना नसलेल्याची वर्दी परकीय नागरिकांच्या खात्याला देण्याची कायदेशीर जबाबदारी आहे, म्हणजे हक्क मागावयास जाणे हेच हद्दपारीला निमंत्रण होऊन बसते. ब्रिटनमध्ये साथीच्या रोगांवरील व अपघात विभागातील उपचार सर्वांना मोफत असले आणि कुटुंबाच्या डॉक्टरकडे जाण्यास कोणासच प्रत्यवाय नसला, तरी रुग्णालयातील अन्य उपचारांसाठी परवाना नसलेल्यांकडून नेहमीच्या दराच्या दीडपट आकारणी होते, २०१७ पासून तातडीचे नसलेले उपचार आगाऊ पैसे भरल्यावाचून मिळत नाहीत, आणि बाळंतपण नाकारता येत नसले तरी त्याचे बिल मात्र आईच्या मागे लागते. याच सुमारास रुग्णांचे पत्ते गृहखात्यास पुरविण्याचा एक समझोता तेथे झाला होता. डॉक्टरांच्या व संसद सदस्यांच्या विरोधामुळे २०१८ मध्ये तो आवरावा लागला.

तातडीच्या रेषेचे सर्वांत विदारक दर्शन अमेरिकेत घडते. तेथे १९८६ च्या कायद्याने, आणीबाणीत आलेल्या कोणाही रोग्याला, त्याची ऐपत अथवा रहिवासाची स्थिती न पाहता, तपासून स्थिर करण्याचे बंधन रुग्णालयांवर घातले आहे. परंतु सरकारी आरोग्यसाहाय्य परवाना नसलेल्यास केवळ आणीबाणीपुरतेच मिळते, आणि २०१० च्या आरोग्य सुधारणा कायद्याने तर त्यांना स्वतःच्या पैशाने सरकारी बाजारपेठेतून विमा घेण्याचीही बंदी केली. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रोग्याला साधारणतः आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागते. पण जेथे केवळ आणीबाणीच मान्य होती अशा राज्यांत त्याला रक्तातील विषद्रव्ये वाढून, श्वास कोंडून, हृदय बंद पडण्याच्या बेतात येईपर्यंत थांबावे लागे, मग त्याला दाखल करून डायलिसिस देत, आणि बरे वाटताच घरी पाठवीत, की काही दिवसांनी तोच फेरा पुन्हा सुरू. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अशा रोग्यांचा पाच वर्षांतील मृत्यूचा धोका नियमित डायलिसिस मिळणाऱ्यांच्या मानाने सुमारे चौदापट आढळला, आणि रुग्णालयात काढावे लागणारे त्यांचे दिवसही कितीतरी अधिक भरले. कोलोरॅडो राज्याने यातून बोध घेऊन २०१९ मध्ये मूत्रपिंडाचा हा विकार हीच आणीबाणी मानली व नियमित डायलिसिस सुरू केले. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये बालकांपासून आरंभ करून २०२४ पर्यंत सर्व वयांच्या निर्धनांना आपल्या योजनेत घेतले. पण तिजोरीवर ताण येताच परवाना नसलेल्या प्रौढांची नवी नोंदणी २०२६ च्या आरंभापासून थांबविण्याचे ठरविले. कायद्याने दिलेले आणि अंदाजपत्रकाने काढून घेतलेले, अशी या हक्काची स्थिती आहे.

हे सर्व श्रीमंत देशांचेच चोचले आहेत, असा कोणाचा समज असेल तर थायलंडकडे पाहावे. म्यानमार, कंबोडिया व लाओस येथून आलेल्या मजुरांसाठी तेथील आरोग्य खात्याने विम्याचे कार्ड काढले आणि २०१३ पासून ते परवाना नसलेल्यांनाही विकत घेण्यास खुले केले. लहान बालकांसाठी त्याची वर्षाची किंमत ३६५ बात, म्हणजे दिवसाला एक बात, ठेवली. या व्यवस्थेत त्रुटी अनेक असल्या, तरी मध्यम उत्पन्नाच्या आशियाई देशाला जर हे साधते, तर असमर्थतेची सबब इतरांना सहजासहजी पुढे करता येणार नाही.

आता भारत. आपल्या राज्यघटनेने संचाराचे व वास्तव्याचे स्वातंत्र्य नागरिकांपुरते ठेवले, पण १४ व्या कलमातील कायद्यापुढील समता आणि २१ व्या कलमातील जीविताचे संरक्षण ही मात्र प्रत्येक व्यक्तीला दिली. या भेदाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अरुणाचल प्रदेशातील चकमांच्या खटल्यात, आणि २००० मध्ये हावडा स्थानकात अत्याचार झालेल्या एका बांगलादेशी स्त्रीच्या खटल्यात स्पष्ट केला: जीविताचे संरक्षण परकीयासही आहे. दुसऱ्या बाजूस, परमानंद कटारा यांच्या याचिकेवर १९८९ मध्ये त्याच न्यायालयाने, जखमीचा जीव वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य असल्याचे सांगितले. आणि १९९६ मध्ये, रेल्वेगाडीतून पडून डोक्याला मार लागलेल्या व कलकत्त्याच्या परिसरातील सरकारी रुग्णालयांनी एकापाठोपाठ एक परत पाठविलेल्या पश्चिम बंगालमधील एका शेतमजुराच्या प्रकरणात, वेळेवर उपचार न देणे हा २१ व्या कलमाचा भंग असल्याचे ठरवून नुकसानभरपाई देवविली. हे दोन प्रवाह एकत्र वाचले असता, परवाना नसलेल्या परकीयालाही निदान तातडीच्या उपचारांचा घटनात्मक हक्क आहे, हा निष्कर्ष अटळ ठरतो.

परंतु त्यापुढची भूमी निसरडी आहे. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या करारात भारत सामील नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील केसपेपरचे व उपचारांचे शुल्क माफ झाले, ही स्वागतार्ह गोष्ट घडली. पण मोठ्या शस्त्रक्रियांचा खर्च उचलणाऱ्या महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका अथवा अधिवासाचा दाखला लागतो, आणि ज्यांच्यापाशी तो नाही, त्यांत परकीयांइतकेच आपल्याच देशातील परप्रांतीय मजूरही येतात. त्यातच १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या इमिग्रेशन व परकीय नागरिकविषयक कायद्याने, दाखल करून घेतलेल्या परकीय रुग्णाची माहिती नोंदणी अधिकाऱ्यास देण्याची जबाबदारी रुग्णालयांवर टाकली आहे. इटलीने जी भिंत जपली, तिच्या नेमकी उलट दिशा या तरतुदीत आहे. आणि ज्या बाईला दाखल होताच आपली वर्दी जाईल अशी धास्ती आहे, ती प्रसूतीच्या वेणा सुरू झाल्यावरही खोलीचे दार उघडणार नाही, हे समजण्यास पांडित्याची गरज नाही.

या हक्काविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात, त्यांतील खर्चाचा आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे, कारण आपल्या देशात नागरिकालाच पुरेशी आरोग्यसेवा मिळत नाही, हे खरे आहे. तथापि स्वस्त उपचार नाकारणे म्हणजे खर्च टाळणे नव्हे. युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेने २०१५ मध्ये उच्च रक्तदाब व गर्भारपणातील तपासण्या यांचे हिशेब मांडले, तेव्हा वेळीच केलेले उपचार पुढील पक्षाघात व अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे टाळून सरकारचा पैसा वाचवितात, असे दिसले. जर्मनीत आश्रयार्थींच्या दोन दशकांच्या आकडेवारीतून, ज्यांच्यावर निर्बंध होते त्यांच्यावरील दरडोई खर्च निर्बंध नसलेल्यांपेक्षा सुमारे ४० टक्के अधिक आढळला. आणि क्षयासारख्या रोगाच्या बाबतीत तर हिशेब मांडण्याचीही आवश्यकता नाही: अर्धवट सोडलेल्या उपचारांतून औषधांना न जुमानणारा क्षय निर्माण होतो, आणि तो त्याच चाळीतल्या, त्याच लोकलमधल्या नागरिकाला, त्याची शिधापत्रिका न पाहता, गाठतो.

परंतु केवळ काटकसरीवर हा हक्क उभा करणे मला मान्य नाही. कारण ज्या दिवशी एखाद्या रोग्याचे मरण त्याच्या उपचाराहून स्वस्त ठरेल, त्या दिवशी तो हक्क कोसळेल. परवान्याचा भंग केल्याची जी काही शिक्षा कायद्यात असेल ती असो. ती रीतसर चौकशीनंतर, रीतसर अधिकाऱ्याने द्यावयाची आहे. मूत्रपिंड निकामी होऊ देणे, बाळंतिणीला दारातून परतविणे, मुलाला लस न टोचणे, ही शिक्षा कोणत्याही दंडसंहितेत लिहिलेली नाही, आणि ती देण्याचा अधिकार रुग्णालयाच्या खिडकीवर बसलेल्या कारकुनास कोणीही दिलेला नाही. ज्याचे श्रम आपण घेतो, ज्याने बांधलेल्या घरात आपण राहतो, त्याचे शरीर मात्र आपल्या जबाबदारीबाहेर आहे, असे म्हणणारे राज्य कायद्याचे असेल, पण न्यायाचे नाही.

म्हणून या आढाव्याचा निष्कर्ष दोन कलमांत सांगता येतो. पहिले, तातडी ही हक्काची सीमा असू नये. गर्भारपण व बाळंतपण, बालकांचे लसीकरण, संसर्गजन्य रोग आणि डायलिसिस अथवा इन्शुलिन यांसारखे ज्यांच्यावाचून आणीबाणी अटळ आहे असे नियमित उपचार हे सर्व त्या हक्कात स्पष्टपणे समाविष्ट झाले पाहिजेत. दुसरे, दवाखाना व पोलीसठाणे यांच्यामध्ये कायद्याने भिंत उभारली पाहिजे; भारतात नव्या कायद्याखालील माहितीचा उपयोग उपचार घेणाऱ्याविरुद्ध कारवाईसाठी होणार नाही, असा नियम केंद्र सरकारने करावा, आणि तोपर्यंत आपल्या वैद्यकीय संघटनांनी इटलीतील आपल्या व्यवसायबंधूंचे उदाहरण समोर ठेवावे. या दोन गोष्टींवाचून दिलेला हक्क हा कागदावरचा हक्क होय. आणि ज्याच्यापाशी कागदच नाही, त्याला तो कधीही पोहोचणार नाही.